हिवाळी गवताचा उन्हाळा

कामतघरला वऱ्हाळदेवी तलावापासून थोड्या अंतरावर आमची सोसायटी आहे. काही वर्षांपूर्वी सोसायटीच्या अंगणात हिरवळ लावायचे ठरले. कोणीतरी बियाण्याची पुडी आणली. पुडीवर टेनिसच्या मैदानासारख्या गर्द हिरवळीचे चित्र होते. डिसेंबरच्या सुरुवातीला बी पेरले, आठवड्याभरात ते उगवले, आणि जानेवारीत अंगण असे काही हिरवेगार झाले की येणारा-जाणारा थांबून पाहू लागला.

मार्चच्या अखेरीस पाती पिवळी पडू लागली. समितीने माळीबुवांना दिवसातून तीनदा पाणी घालायला सांगितले. पिवळी पाती दिसू नयेत म्हणून गवत अगदी बुडापासून कापायलाही सांगितले. माळीबुवांनी दोन्ही गोष्टी केल्या. एप्रिलच्या मध्यापर्यंत हिरवळीच्या जागी कुजकट वासाचे तपकिरी चिपाड उरले. मात्र फरशीच्या फटीतली, कोणीही न लावलेली, कोणीही पाणी न घातलेली हरळी टवटवीत होती. समितीने निष्कर्ष काढला की माळ्याने हयगय केली, आणि त्यांचा अर्ध्या महिन्याचा पगार कापला.

हरळी जगली आणि पुडीतले गवत मेले, याचे खरे कारण काय? त्याचा शोध घेऊ लागलो, तेव्हा पदार्थविज्ञान आणि जीवशास्त्र या दोन्ही विषयांची उजळणी झाली. तीच येथे मांडतो.

गवताच्या दोन जाती

पुडीतले गवत होते राय गवत. लंडनमधल्या विम्बल्डनच्या टेनिस मैदानांवर २००१ सालापासून निव्वळ हेच गवत पेरतात. राय, केंटकी ब्ल्यूग्रास, फेस्क्यू, बेंटग्रास ही सारी थंड प्रदेशातली गवते. त्यांना आपण ‘हिवाळी गवते’ म्हणू. त्यांची पाती १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात उत्तम वाढतात आणि मुळांना तर त्याहूनही थंड, १० ते १८ अंशांची माती मानवते. याउलट आपली हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वा, हे ‘उन्हाळी गवत’. तिची पाती २७ ते ३५ अंशांना जोमाने वाढतात.

आता आपल्याकडचे हवामान पाहा. जानेवारीत पहाटे तापमान १७-१८ अंशांपर्यंत उतरते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ते ३५ अंशांच्या पुढे जाते आणि रात्रीही २५-२७ अंशांच्या खाली क्वचितच येते. म्हणजे राय गवताला जानेवारीत माहेर भेटले होते. एप्रिलमध्ये काय झाले, ते समजण्यासाठी एका पात्याचा हिशोब मांडावा लागेल.

पाते तापत का नाही?

भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सूर्याकडून दर सेकंदाला सुमारे १००० ज्यूल ऊर्जा येते. तिच्यातली साधारण निम्मी पान शोषून घेते असे धरू, म्हणजे ५०० ज्यूल. गवताचे पाते असते जेमतेम ०.२ मिलिमीटर जाड. अशा एक चौरस मीटर पात्यांचे वजन सुमारे ०.२ किलोग्रॅम भरेल आणि त्यात बहुतांश पाणीच असते. पाण्याची विशिष्ट उष्णता किलोग्रॅमला ४२०० ज्यूल. तेव्हा या पात्यांचे तापमान एक अंशाने वाढवायला ८४० ज्यूल पुरतात. ५०० भागिले ८४० म्हणजे सुमारे ०.६. शोषलेली उष्णता कोठेच गेली नाही, तर पाते दर सेकंदाला ०.६ अंशाने तापेल आणि एका मिनिटात ३६ अंशांनी! मिनिटाभरात गवत शिजून निघेल.

तसे होत नाही, कारण पाते उष्णता तीन वाटांनी बाहेर टाकते. थोडी प्रारणाने जाते. थोडी वाऱ्याबरोबर जाते. आणि मोठा वाटा जातो बाष्पोच्छ्वासाने. पानावरच्या सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० ज्यूल, म्हणजे जवळजवळ ५८० कॅलरी लागतात. ही अप्रकट उष्णता पानातूनच घेतली जाते. घाम वाळला की आपल्याला गार वाटते, तेच हे.

पाण्याचा हा वाटा किती मोठा असतो? उन्हाळ्यात चांगले पाणी मिळालेली हिरवळ दिवसाला सुमारे ५ मिलिमीटर पाणी हवेत सोडते, म्हणजे दर चौरस मीटरला ५ लिटर. त्यासाठी सुमारे १२० लाख ज्यूल उष्णता खर्च होते. महाराष्ट्रात एप्रिल-मे महिन्यांत त्याच जागेवर दिवसभरात सुमारे २४० लाख ज्यूल सूर्यऊर्जा येते. म्हणजे आलेल्या उन्हातले निम्मे ऊन गवत नुसते पाणी उडवून परतवते. प्लॅस्टिकच्या कृत्रिम हिरवळीला ही सोय नाही. म्हणून कडक उन्हात तिचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जाऊ शकतो आणि तिच्यावर अनवाणी चालवत नाही.

दमट हवेची अडचण

मग भरपूर पाणी घातले की झाले! समितीला हेच वाटले होते. पण येथे कोकणपट्टीची हवा आड येते.

भिवंडीत यंत्रमागाच्या शेडमध्ये मे महिन्यात काम करणारा माणूस घामाने चिंब होतो, तरी त्याला गार वाटत नाही. घाम येतो खरा, पण वाळत नाही. गवताचेही असेच होते. थर्मामीटरच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळून वारा घातला, तर पारा जेथपर्यंत उतरतो त्याला ओल्या फुग्याचे तापमान म्हणतात. नुसत्या बाष्पीभवनाने याहून खाली जाता येत नाही. विदर्भात कोरड्या हवेत तापमान ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या फुग्याचे तापमान सुमारे २३ अंश येते. आपल्याकडे तापमान ३३ अंशच, पण आर्द्रता ७० टक्के असेल, तर ते २८ अंश येते! हवा सात अंशांनी कमी तापलेली, पण गार होण्याची मर्यादा मात्र पाच अंशांनी वर. पाणी कितीही ओता, ही मर्यादा ओलांडता येत नाही.

जमाखर्च बिघडतो

तरीही ३०-३५ अंशांना पाते काही भाजून मरत नाही. खरे संकट अधिक संथ असते. ते आहे उपासमारीचे.

वनस्पतीची जमा म्हणजे प्रकाशसंश्लेषण. ती फक्त दिवसा होते. खर्च म्हणजे श्वसन. तो दिवसरात्र चालू असतो. तापमान १० अंशांनी वाढले, की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. जानेवारीच्या १७ अंशांच्या रात्री गवत जेवढी साखर जाळते, त्याच्या जवळजवळ दुप्पट साखर ते मे महिन्याच्या २७ अंशांच्या रात्री जाळते. म्हणून हिवाळी गवताला कडक दुपारीइतकीच उकाड्याची रात्रही नडते.

खर्च वाढला तसे उत्पन्न वाढले असते तर प्रश्न नव्हता. पण ते घटते. हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड पकडण्याचे काम पानातले ‘रुबिस्को’ नावाचे विकर करते. हे विकर जरा गोंधळी आहे. २५ अंशांनाही चारपाच वेळांत एकदा ते कार्बन डाय-ऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच पकडते. मग ही चूक निस्तरण्यात आधी मिळवलेला कार्बन आणि ऊर्जा वाया जाते. याला प्रकाशश्वसन म्हणतात. तापमान वाढले की दोन गोष्टी होतात. पाण्यात विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड ऑक्सिजनपेक्षा लवकर कमी होतो, आणि रुबिस्कोची निवडही अधिक चुकू लागते. अशा रीतीने जमा घटते, खर्च वाढतो, आणि गवत मुळांत व बुडख्यात साठवलेल्या शिल्लकीवर जगू लागते. शिल्लक संपली की दिवाळे.

हरळीची युक्ती

हरळीला हा त्रास का होत नाही? याचे उत्तर मिळाले उसात. १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी उसाचे प्रकाशसंश्लेषण उलगडून दाखवले. उसात कार्बन डाय-ऑक्साइड प्रथम दुसरेच एक विकर पकडते. ते ऑक्सिजनला हात लावीत नाही. त्यातून चार कार्बन अणूंचे आम्ल तयार होते. हे आम्ल पानाच्या शिरेभोवतीच्या पेशींत नेऊन तेथे कार्बन डाय-ऑक्साइड मोकळा केला जातो. रुबिस्को याच पेशींत असते. भोवती कार्बन डाय-ऑक्साइडची गर्दी असल्यामुळे चूक करायला त्याला वावच राहत नाही. ऊस, मका, ज्वारी, बाजरी आणि आपली हरळी या सर्वांकडे हा पंप आहे. गहू, भात आणि राय गवत यांच्याकडे तो नाही.

हा पंप चालवायला जादा ऊर्जा लागते. थंड हवेत रुबिस्को मुळातच कमी चुकते, तेव्हा पंपाचा खर्च अंगावर पडतो. म्हणून थंड प्रदेशात राय गवत हरळीला मागे टाकते. यात एक गवत चांगले आणि दुसरे वाईट असे काही नाही. प्रत्येकाचा हिशोब त्याच्या हवेशी जुळलेला आहे.

तूप, तेल आणि दुरुस्ती पथक

हिवाळी गवत उन्हाळ्यापुढे निमूटपणे मान टाकते असे मात्र समजू नका. ते कसे झगडते, हे पाहण्यासारखे आहे.

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे पातळ पटल असते. ते फार पातळ झाले तर पेशीतले क्षार बाहेर झिरपतात, फार घट्ट झाले तर व्यवहार थांबतो. थंडीत तूप थिजते आणि गोडेतेल पातळच राहते, हे तुम्ही घरी पाहिले आहे. तुपात संपृक्त मेदाम्ले जास्त, तेलात असंपृक्त जास्त. उष्मा वाढू लागला की गवत आपल्या पटलात संपृक्त मेदाम्लांचे प्रमाण वाढवते. म्हणजे तेलाच्या जागी थोडे तूप घालते आणि पटलाचा घट्टपणा राखते.

दुसरा उपाय प्रथिनांचा. अंडे उकडले की पांढरे घट्ट होते, कारण उष्णतेने प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि त्यांचा गुंता होतो. पेशीतली प्रथिने अशी बिघडू लागली की पेशी एक खास दुरुस्ती पथक तयार करते. ही प्रथिने उलगडू लागलेल्या प्रथिनांना धरून ठेवतात आणि त्यांच्या घड्या पुन्हा नीट बसवतात. त्यांना उष्णताघात प्रथिने म्हणतात. त्यांचा सुगावा अपघातानेच लागला. इटलीत रितोसा हे शास्त्रज्ञ फळमाशीच्या गुणसूत्रांचा अभ्यास करीत होते. प्रयोगशाळेत कोणीतरी उबवणी पेटीचे तापमान चुकून वाढवले. त्या माश्यांच्या गुणसूत्रांवर नवेच फुगवटे दिसले. उष्णतेमुळे काही जनुके एकदम कामाला लागली होती. हे त्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केले. पुढे जिवाणूंपासून वनस्पतींपर्यंत आणि माणसापर्यंत सर्वत्र हीच व्यवस्था आढळली.

हे पथक उभे राहायला थोडा वेळ लागतो. उष्मा हळूहळू वाढला तर गवत तयारीत असते. एकदम वाढला तर गाफील सापडते.

मुळे आधी, पाती नंतर

पिवळेपणा पात्यांत दिसतो, म्हणून आपण पात्यांकडे पाहतो. पण घाव आधी मुळांवर पडलेला असतो. अमेरिकेत बिंग्रू ह्वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेंटग्रासवर प्रयोग केले. पात्यांभोवतीची हवा ३५ अंशांची ठेवली, पण मुळांची माती थंड ठेवली, तेव्हा गवत बऱ्यापैकी तगले. उलट माती तापवली, तेव्हा हवा थंड असूनही ते ढासळले. मुळे मेली की पाणी वर चढत नाही, पाणी नाही म्हणून बाष्पोच्छ्वास नाही, आणि मग पाते तापते.

अमेरिकेच्या यलोस्टोन उद्यानात गरम झऱ्यांच्या काठच्या तापलेल्या मातीत बेंटग्रासचाच एक रानटी भाऊबंद उगवतो. त्याचा अभ्यास केला, तेव्हा आढळले की त्याची मुळे उष्णतेतही श्वसनाचा खर्च काटकसरीने करतात. म्हणजे तेथेही शेवटी जमाखर्चच!

शेवटचा उपाय : झोप

एवढे करूनही भागले नाही, तर काही हिवाळी गवते दुकान बंद करतात. पाती वाळू देतात आणि जमिनीलगतचा वाढीचा कोंब व जमिनीतली खोडे तेवढी जिवंत ठेवतात. केंटकी ब्ल्यूग्रास यात पटाईत. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये इतिहासात प्रथमच तापमान ४० अंशांच्या वर, ४०.३ अंशांवर गेले. त्या उन्हाळ्यात लंडनची उद्याने गवताच्या गंजीसारखी पिवळी पडली होती. पाऊस पडला आणि ती पुन्हा हिरवी झाली. पिवळे दिसणारे गवत मेलेलेच असते असे नाही.

पण झोप काही आठवड्यांपुरतीच चालते. आमच्या अंगणात उकाडा मार्चपासून जूनपर्यंत टिकतो, रात्रीही उतरत नाही. शिवाय राय गवताला जमिनीखाली पसरणारी खोडे नसतात, त्यामुळे परत उभारी धरायला त्याच्याजवळ साठा थोडा.

आता समितीच्या सूचना पुन्हा पाहा. गवत बुडापासून कापले, म्हणजे उत्पन्न देणारी पानेच काढून घेतली. उन्हाळ्यात हिवाळी गवत उंच ठेवायचे असते आणि एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशाहून जास्त कापायचे नसते. दिवसातून तीनदा पाणी घातले, म्हणजे मातीतल्या हवेची जागा पाण्याने घेतली, मुळे गुदमरली आणि उबदार ओलीत बुरशी माजली. तो कुजकट वास तिचाच. सूचना पाळण्यात माळीबुवा चुकले नाहीत. आणि खरे तर त्या चुकीच्या सूचनांमुळे मरण थोडे लवकर आले इतकेच. कामतघरच्या मे महिन्यात राय गवत जगणे मुळातच कठीण होते.

हे सारे आकडे मी एका कागदावर मांडून समितीच्या सभेत वाचून दाखवले. ओल्या फुग्याच्या आकड्याने सगळ्यांना कोड्यात टाकले, तेव्हा गच्चीवर दोन थर्मामीटर टांगून तो पडताळूनही पाहिला. माळीबुवांचा कापलेला पगार पुढच्या महिन्यात मिळाला. पावसाळ्याच्या आरंभी त्यांनीच हरळीचे तुकडे टोकले. आता अंगणात ती आहे.

आपल्या ताटातले हिवाळी गवत

एका अंगणासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण महाराष्ट्रातले सर्वात मोठे हिवाळी गवत अंगणात नाही, शेतात आहे. ते म्हणजे गहू! गहू हा राय गवताचा जवळचा नातलग. त्याच्याकडेही हरळीचा पंप नाही. म्हणून तर आपण तो नोव्हेंबरमध्ये पेरतो आणि उन्हाळा भरात येण्याआधी काढतो. पेरणी लांबली, तर दाणा भरण्याच्या वेळीच उष्मा गाठतो. मग पीक लवकर पिकते, दाणा भरायला पुरेसे दिवस मिळत नाहीत आणि तो पोचट राहतो. हिरवळ जळली तर डोळ्यांना खटकते. गहू जळला तर पोळी जाते.

मार्च २०२२ हा भारतात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वात उष्ण मार्च ठरला. उत्तरेकडचा गहू नेमका तेव्हा दाणे भरत होता. उत्पादनाचा अंदाज घटला, आणि १३ मे २०२२ रोजी सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. जगाचे सरासरी तापमान एका अंशाने वाढले तर गव्हाचे उत्पादन सुमारे सहा टक्क्यांनी घटेल, असा शास्त्रज्ञांचा २०१५ सालचा अंदाज आहे. त्यामुळे निफाडचे कृषी संशोधन केंद्र आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांच्यासारख्या ठिकाणी चालणाऱ्या गव्हाच्या वाणांच्या कामाला मोठे मोल आहे. वेळेवर आणि उशिराही पेरता येईल असा ‘फुले समाधान’ हा वाण निफाडच्याच कामातून आला.

करून पाहा

१. दोन थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्याला ओली सुती चिंधी गुंडाळा, दुसरा कोरडा ठेवा. सावलीत दोन्हींना पंख्याचा वारा घाला आणि पाच मिनिटांनी वाचन घ्या. जानेवारीत आणि मे महिन्यात हाच प्रयोग करून दोन्ही वाचनांतल्या फरकाची तुलना करा.

२. सकाळी उन्हातल्या हरळीवर काचेचे रिकामे भांडे पालथे घाला. अर्ध्या तासात आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसतील. शेजारी कोरड्या मातीवरही तसेच एक भांडे पालथे घाला आणि दोन्हींची तुलना करा.

३. एका कुंडीत गहू आणि मका शेजारी शेजारी पेरा. रोपे बोटभर झाली की कुंडीला पाणी घालून ती काचेच्या मोठ्या बरणीत ठेवा, झाकण हवाबंद करा आणि भरपूर उजेडात, पण थेट उन्हाबाहेर ठेवा. रोज दोन्ही रोपांचा रंग टिपून ठेवा. मक्याचा पंप बरणीतला कार्बन डाय-ऑक्साइड इतका खाली आणतो, की गव्हाला त्यावर पोट भरता येत नाही. कोणते रोप आधी पिवळे पडेल, याचा अंदाज प्रयोगाआधीच वहीत लिहा.

आणि पुढच्या वेळी बागेतले गवत करपलेले दिसले, तर माळ्याला दोष देण्यापूर्वी आधी ते गवत कोणते आहे हे विचारा.